गिअरबॉक्सला रॉकेलची आंघोळ नको

पनवेल हे वाटा फुटण्याचे गाव. मुंबई-पुण्याचा जुना रस्ता येथून जातो, गोव्याचा महामार्ग येथून वळतो, १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाल्यापासून कंटेनरची वर्दळ वाढली, आणि २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्गही कळंबोलीपासूनच निघतो. साहजिकच आपल्या वस्त्यांमध्ये स्टीअरिंगवर किंवा पान्यावर पोट असलेला माणूस गल्लीगल्लीत आहे. कुणी कळंबोलीच्या लोखंड बाजारातून माल नेतो, कुणी हप्त्यावर टेम्पो घेतला आहे, कुणाचा मुलगा गॅरेजात हेल्पर आहे. अशा घरात गाडी उभी राहते, हप्ता मात्र चालूच राहतो. म्हणून आज आम्ही कौटुंबिक पानावर गिअरबॉक्सची गोष्ट घेऊन आलो आहोत. वाचक भगिनींनीही पान उलटू नये, शेवटचा भाग त्यांच्या घराचाच आहे.

गॅरेजांमध्ये एक जुनी रीत आहे. गिअर ऑइल बदलताना जुने तेल सोडायचे, खालचा नट पुन्हा बसवायचा, वरून लिटर-दोन लिटर रॉकेल किंवा डिझेल ओतायचे, मागची चाके जॅकवर उचलून दोन-चार मिनिटे गिअर फिरवायचे, काळा गाळ बाहेर काढायचा आणि मग नवे तेल भरायचे. रेशनवर निळे रॉकेल मुबलक मिळत होते तेव्हापासूनची ही सवय. रॉकेल दुर्मिळ झाले तसे डिझेल आले, कुठे थिनर, कुठे चक्क पेट्रोल. यात मिस्त्रीचा काही वाईट हेतू नसतो. काळे तेल दिसले की ते धुऊन टाकावेसे वाटणे हा माणसाचा स्वभाव आहे. तरीही आमचे मत स्पष्ट आहे: बंद गिअरबॉक्स असा धुऊ नये.

कारण समजून घ्या. लोणच्याची बरणी धुऊन ओलीच भरली तर लोणच्याला बुरशी येते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. बरणी आपण उन्हात वाळवतो, पण गिअरबॉक्स कसा वाळवणार? आत बेअरिंगच्या खाचा आहेत, शाफ्टमधील भोके आहेत, तळाचे कोपरे आहेत. नट उघडून कितीही वाट पाहिली तरी थोडे रॉकेल आत राहतेच. दोन लिटर तेलाच्या खोक्यात पाव लिटर रॉकेल अडकले तर नव्या तेलाचा आठवा हिस्सा पातळ द्रव झाला. तेलाचा घट्टपणा मात्र आठव्या हिश्श्याने नव्हे, त्याहून बराच जास्त उतरतो. दोन दातांच्या मधे जो तेलाचा पडदा उभा राहायचा तो तुटतो आणि लोखंड लोखंडावर घासते. भरलेली गाडी बोरघाट चढताना किंवा खालच्या गिअरमध्ये उतरताना दातांवर जो दाब येतो, त्या वेळी हा पडदाच गिअरबॉक्स वाचवीत असतो.

शिवाय गिअर ऑइलमध्ये गंधक व फॉस्फरसची खास रसायने असतात. जबर दाबाखाली ती दातांवर रक्षक थर धरतात. रॉकेलमध्ये यातले काहीच नसते. म्हणजे धुण्याच्या त्या चार मिनिटांत गिअर जवळपास उघड्या अंगाने फिरतात. थिनर तर काही रबरी सील फुगवतो, मऊ करतो, आणि महिनाभराने गिअरबॉक्सखाली तेलाचे थेंब दिसू लागतात.

इंजिनाचे तेल काळे होते ते जळणाच्या काजळीने. गिअरबॉक्समध्ये काही जळत नाही. तिथला काळेपणा हा बहुतांशी झिजलेल्या धातूचा बारीक भुगा आणि जुने झालेले तेल. तो गरम तेलाबरोबर आपोआप खाली येतो. आणि हा भुगा म्हणजे गाडीची तब्येत सांगणारी चिठ्ठीच आहे. सोनेरी चकाकी दिसली तर गिअर जुळवणाऱ्या पितळी रिंगा झिजत आहेत. नटाच्या चुंबकावर मऊ काळी पेस्ट असणे साधारण आहे, पण कपची किंवा दाताचा तुकडा सापडला तर गिअरबॉक्स उघडलाच पाहिजे. आधी रॉकेलने धुतले की ही चिठ्ठी नाल्यात जाते, आणि दोष कळतो तो घाटात.

मग करायचे काय? गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून आणावी, सपाट जागी उभी करावी, चाकांना दगड लावावेत. हाताला चटका बसणार नाही इतके निवू द्यावे. पहिल्यांदा भरण्याचा नट सैल होतो का ते पाहावे, नंतरच खालचा काढावा. खालून तेल सोडून दिले आणि वरचा नट जाम निघाला तर गाडी आहे तिथेच अडकते. मग घाई करू नये, चहा घ्यावा. धार थांबून थेंब थेंब होईपर्यंत अर्धा तास गेला तरी चालेल. चुंबक पुसावा, वॉशर नवा घालावा आणि भरण्याच्या भोकाच्या कडेपर्यंत तेल भरावे. तेल कोणते, ते गाडीच्या पुस्तकात पाहावे. ‘नव्वद नंबर द्या’ एवढे सांगून भागत नाही. जीएल-४ सांगितले असताना जीएल-५ घातले तर काही तेलांतील जादा गंधक पितळी रिंगांना खातो.

पुराच्या पाण्यात गाडी बुडाली असेल तर गोष्ट निराळी. २६ जुलै २००५ च्या महापुरात मुंबई-रायगड पट्ट्यात असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या होत्या. गरम गिअरबॉक्स थंड पाण्यात गेला की हवेच्या नळीतून पाणी आत ओढले जाते आणि तेल दुधाळ होते. तेव्हाही रॉकेल नको. त्याच नंबरचे साधे गिअर ऑइल भरून गाडी थोडी, मोकळीच चालवावी, गरम असताना सोडावे आणि दूधाळपणा जाईपर्यंत पुन्हा तेच करावे. खर्च होतो खरा, पण बेअरिंग गंजल्यावरचा खर्च याच्या कितीतरी पट असतो.

रॉकेल-डिझेलचे काम एकाच ठिकाणी रास्त आहे. गिअरबॉक्स उतरवून, सुटा करून टेबलावर मांडला की भाग खुशाल त्यात धुवावेत, कोरडे करावेत आणि तेल लावूनच जोडावेत. पेट्रोल मात्र तिथेही नको. रॉकेलची वाफ चाळीस अंशांच्या आसपासही ठिणगी धरू शकते, पेट्रोलची तर थंडीतही. आणि गाडीखाली तापलेला सायलेन्सर असतो, जोडीला कुणाची तरी विडी!

आता घराकडे वळू. हेल्परचे काम करणारी पोरे संध्याकाळी पेट्रोलने हात धुतात. त्याने कातडी कोरडी होऊन भेगा पडतात, खरूज समजून मलमे लावली जातात. आधी कोरड्या चिंधीने पुसून मग साबणाने धुवावे. तेलाचे कपडे इतर कपड्यांत भिजवू नयेत. जळके तेल गटारात ओतले तर ते गाढी नदीत आणि पुढे खाडीत जाते. ते घट्ट झाकणाच्या डब्यात साठवून परवानाधारक खरेदीदारालाच द्यावे.

आणि उरलेले रॉकेल किंवा थिनर पाण्याच्या बाटलीत घरी आणू नये. उन्हाळ्यात तहानलेले मूल बाटली पाहून तोंडाला लावते. असे कधी घडलेच तर मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात शिरते आणि खरा धोका तिथेच असतो. मुलाला काहीही न पाजता, ती बाटली सोबत घेऊन, तडक रुग्णालय गाठावे.