थेट दर्शनाची ओढ: सोलापूरचे चाहते आणि महेंद्रसिंह धोनी

क्रिकेटच्या चाहत्याची आवडत्या खेळाडूशी ओळख बहुधा टीव्हीवर होते. त्याला प्रत्यक्ष खेळताना पाहण्याची ओढ त्यानंतर लागते. मुंबई-पुण्याच्या प्रेक्षकाला ती भागवणे तुलनेने सोपे असते. सोलापूर जिल्ह्यात मात्र आंतरराष्ट्रीय किंवा आयपीएलचे सामने होत नाहीत. त्यामुळे इथल्या चाहत्यापुढे दोन वाटा उरतात: गाडी पकडून मैदान गाठायचे, किंवा आपणच बॅट हातात घ्यायची. महेंद्रसिंह धोनीच्या बाबतीत सोलापूरकरांनी या दोन्ही वाटा धरल्या.

क्रिकेट सोलापूरला नवे नाही. भारतातर्फे कसोटीत पहिले द्विशतक ठोकणारे पॉली उम्रीगर 28 मार्च 1926 रोजी सोलापुरातच जन्मले. 1955 साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी 223 धावा केल्या. एकूण 59 कसोटींत त्यांनी 12 शतके झळकावली. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचा वर्षातील सर्वोत्तम क्रिकेटपटूला दिला जाणारा पुरस्कार त्यांच्याच नावाचा आहे. शहराच्या मध्यभागी असलेले इंदिरा गांधी स्टेडियम म्हणजे सोलापूरकरांचे पार्क मैदान. तिथे रणजी सामने झाले आहेत. जानेवारी 2024 मध्ये महाराष्ट्र आणि मणिपूर हे संघ तिथे खेळले. पण टीव्हीवर रोज दिसणारे तारे अशा सामन्यांत क्वचितच उतरतात.

धोनीच्या लोकप्रियतेचा कळस म्हणजे 2 एप्रिल 2011. त्या रात्री मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर श्रीलंकेविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने 79 चेंडूंत नाबाद 91 धावा केल्या आणि कुलशेखराला षटकार मारून 28 वर्षांनी विश्वचषक भारतात आणला. तो चेंडू प्रेक्षागृहात जिथे पडला, तिथल्या खुर्च्या मुंबई क्रिकेट असोसिएशनने स्मारक म्हणून जपल्या आहेत. वानखेडेवर तेव्हा काही हजार माणसे होती. बाकीच्या कोट्यवधींनी तो षटकार टीव्हीवर पाहिला. सोलापूर जिल्ह्यातल्या लहान गावांत आणि रांचीच्या या यष्टिरक्षकात तोवर पडद्याचेच अंतर होते.

ते अंतर कमी झाले ते आयपीएलमुळे. चेन्नई सुपर किंग्जवर दोन वर्षांची बंदी आल्याने 2016 आणि 2017 या हंगामांत धोनी पुण्याच्या संघाकडून खेळला आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगतचे गहुंजे हे त्याचे घरचे मैदान झाले. 2016 साली राज्यात भीषण दुष्काळ होता. मैदानांवर ओतल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला आणि 1 मेनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवावे लागले. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणे म्हणजे काय, हे ठाऊक असलेल्या सोलापूर जिल्ह्यात हा वाद कुणाला परका नव्हता. पुढच्या वर्षी, 22 एप्रिल 2017 रोजी, धोनीने गहुंजेत हैदराबादविरुद्ध 34 चेंडूंत नाबाद 61 धावा करून अखेरच्या चेंडूवर चौकारासह सामना जिंकून दिला.

2018 साली चेन्नईचा संघ परतला; पण कावेरी पाणीवाटपाच्या आंदोलनामुळे त्याचे उरलेले घरचे सामने पुन्हा गहुंजेलाच आले. 20 एप्रिलच्या सामन्यासाठी चेन्नईहून सुमारे हजार चाहते पिवळे टी-शर्ट घालून खास रेल्वेने पुण्यात उतरले. त्याच चेन्नई-पुणे लोहमार्गावरचे एक मोठे स्थानक म्हणजे सोलापूर.

सोलापूर ते पुणे हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस चार तासांत पुण्याला पोचवते. तिथून गहुंजे आणखी पुढे, शहराबाहेर. परतीची हुतात्मा मात्र संध्याकाळी पुण्याहून सुटते, आणि रात्रीचा सामना अकरानंतर संपतो. म्हणजे तिकीट, जेवणखाण, मध्यरात्रीनंतरची गाडी किंवा एसटी आणि दुसऱ्या दिवसाची रजा, असा सगळा हिशेब जुळवावा लागतो. दुपारचा सामना असेल तर गहुंजेच्या छप्पर नसलेल्या स्टँडमधले ऊनही त्यात धरावे लागते.

एवढे करून काय दिसते? लांबच्या स्टँडमधून चेंडूची हालचाल नीट कळत नाही, फलंदाजाचा चेहरा तर दिसतच नाही. गाभाऱ्यापर्यंत पोचता न आलेला वारकरी कळसाला हात जोडून परततो, तसेच हे दर्शन. पण कॅमेरा चेंडूच्या मागे धावताना जे सुटते, ते इथे दिसते: यष्टीमागून हाताच्या एका खुणेने धोनी क्षेत्ररक्षकाला चार पावले सरकवतो, षटकांच्या मधल्या वेळात गोलंदाजापाशी जाऊन दोन शब्द बोलतो, खेळपट्टीवर येताना एकदा आकाशाकडे पाहतो. धोनीचे कर्णधारपद समजून घ्यायला सगळे मैदान एकाच वेळी नजरेत असावे लागते, आणि तशी नजर फक्त प्रेक्षागृहातून मिळते.

या भक्तीची दुसरी बाजूही आहे. धोनी लवकर खेळायला यावा म्हणून चेन्नईचे पाठीराखे आपल्याच फलंदाजाच्या बाद होण्याची वाट पाहतात. संघापेक्षा खेळाडू मोठा होतो तो असा. मे 2024 मध्ये अहमदाबादला एक तरुण कठडा ओलांडून मैदानात धावला आणि धोनीच्या पाया पडला. त्याला पोलिसांनी अटक केली. 1960 साली मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर एका तरुणीने मैदानात जाऊन फलंदाज अब्बास अली बेगचे चुंबन घेतले होते. तो प्रसंग लोकांनी कौतुकाने लक्षात ठेवला. आज मात्र मैदानात शिरणे हा खेळाडूंच्या सुरक्षेचा प्रश्न मानला जातो.

या ओढीचे सर्वांत चांगले फळ म्हणजे चाहत्याचा खेळाडू होणे. 1987 च्या विश्वचषकात सचिन तेंडुलकर वानखेडेवर बॉल बॉय होता. आपला आदर्श सुनील गावसकर त्याने सीमारेषेवरून पाहिला आणि पुढे गावसकरांनी दिलेले पॅड बांधून तो खेळला. सांगलीच्या स्मृती मानधनाला तिच्या भावाने राहुल द्रविडची बॅट आणून दिली होती. 2013 साली याच बॅटने तिने 19 वर्षांखालील मुलींच्या देशांतर्गत एकदिवसीय सामन्यात नाबाद 224 धावा केल्या.

सोलापूर जिल्ह्याचे उदाहरण किरण नवगिरे हिचे. 1994 साली जन्मलेली किरण माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची. 2011 चा विश्वचषक पाहून ती धोनीच्या खेळाने भारावली. गावात मुलांबरोबर खेळणाऱ्या या मुलीला महिलांचेही क्रिकेट असते, हे तेव्हा माहीतही नव्हते. पुण्यात शिकताना ती भालाफेक आणि गोळाफेक करायची; खांद्यातला हा जोर पुढे बॅटमध्ये उतरला. 2022 मध्ये नागालँडकडून खेळताना तिने अरुणाचल प्रदेशविरुद्धच्या टी-20 सामन्यात 76 चेंडूंत 162 धावा केल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंग्लंडविरुद्ध ती भारताकडून खेळली.

5 मार्च 2023 रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला प्रीमियर लीगमध्ये यूपी वॉरियर्झकडून तिने गुजरातविरुद्ध 43 चेंडूंत 53 धावा केल्या. तिच्या बॅटवर कोणत्याही कंपनीचे स्टिकर नव्हते. प्रायोजकाच्या रिकाम्या जागी तिने स्वतःच्या हाताने ‘एमएसडी 07’, म्हणजे धोनीची आद्याक्षरे आणि त्याचा जर्सी क्रमांक, लिहिले होते. ऑक्टोबर 2025 मध्ये नागपूरला महाराष्ट्राकडून पंजाबविरुद्ध खेळताना तिने 34 चेंडूंत शतक केले. महिलांच्या टी-20 क्रिकेटमधले ते सर्वांत वेगवान शतक ठरले.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांतच, 2 नोव्हेंबर 2025 रोजी, त्याच डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारतीय महिलांनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. किरण त्या संघात नव्हती. मात्र तिच्या लहानपणी महिला क्रिकेटमधल्या आदर्शांची जी उणीव होती, ती या विजयाने भरून निघाली. आज बॅट हातात घेणाऱ्या सोलापूरच्या मुलीला आदर्श शोधायला पुरुषांच्याच संघाकडे पाहावे लागत नाही, आणि महिला क्रिकेटमधला एक आदर्श तर तिच्याच जिल्ह्यातला आहे.