कपाळावरच्या आठ्यांमागचा त्रिफॉन

१९९४च्या अमेरिकेतल्या फुटबॉल विश्वचषकाची छायाचित्रं चाळताना बल्गेरियाचा बचावपटू त्रिफॉन इव्हानोव्ह याच्यापाशी हात थांबतोच. मानेवर रुळणारे केस, वाढलेली खुरटी दाढी, कपाळावर आठ्या. ‘बल्गेरियन लांडगा’ हे नाव त्याला चिकटलं ते या अवतारामुळे. जुन्या फुटबॉलच्या आठवणींत रमणारे आजही त्याच्या स्टिकरवर जीव टाकतात. हे प्रेम खरं आहे, पण त्या चेहऱ्यापायी त्याचा खेळ झाकला गेला, असं मला वाटतं.

त्या स्पर्धेआधी बल्गेरिया पाच विश्वचषक खेळला होता. सोळा सामने, विजय शून्य. १९९४लाही नायजेरियाने सलामीलाच तीन गोल चढवले. मग मात्र ग्रीस, अर्जेंटिना आणि पेनल्टींवर मेक्सिको असे एकामागून एक गारद झाले. १० जुलैला न्यू जर्सीत समोर गतविजेता जर्मनी. म्हणजे बचावफळीपुढे क्लिन्समन आणि फ्योलर! मथॉयसने पेनल्टीवर गोल केला तेव्हा उत्तरार्ध नुकताच सुरू झाला होता. इथून पुढचा अर्धा तास फार मोलाचा. आणखी एक गोल बसला असता, तर सगळा खेळ खलास होता. तो बसला नाही. ७५व्या मिनिटाला स्टॉइचकोव्हची फ्री किक, तीन मिनिटांत लेचकोव्हचा हेडर, आणि २-१. गोल करणाऱ्यांचे पुतळे होतात. मधल्या अर्ध्या तासात किल्ला लढवणाऱ्याच्या वाट्याला टोपणनाव येतं. बचाव अभेद्य होता, असं मात्र म्हणवत नाही. पुढे तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत स्वीडनने चार गोल घातलेच.

त्रिफॉनचा जन्म १९६५चा, वेलिको तर्नोवोजवळच्या गोर्ना लिप्नित्सा गावातला. वेलिको तर्नोवोच्या एटर क्लबातून तो सोफियाच्या सीएसकेएत गेला. पुढे स्पेनमध्ये बेटिस, स्वित्झर्लंडमध्ये झामॅक्स. व्हिएन्नाच्या रापिडकडून १९९६ला त्याने ऑस्ट्रियाची लीग जिंकली आणि त्याच वर्षी ब्रसेल्समध्ये कप विनर्स कपची अंतिम फेरीही खेळला. पॅरिसच्या संघाने ती १-० अशी जिंकली.

देशासाठी ७६ सामने, ६ गोल. गोल अडवणं हेच ज्याचं काम, त्याच्यासाठी हा आकडा लहान नाही. चेंडू मिळाला की दुरूनच सणसणीत फटका हाणायची त्याला भारी खोड. प्रशिक्षक दिमितर पेनेव्ह स्वतः नावाजलेले बचावपटू. तरीही त्यांच्या संघात ही खोड खपून गेली, हे विशेष.

सप्टेंबर १९९७मध्ये सोफियात रशियाविरुद्धचा एकमेव गोल त्रिफॉनचा होता, आणि त्यानेच बल्गेरियाला फ्रान्समधल्या विश्वचषकाचं तिकीट मिळवून दिलं. फ्रान्समध्ये मात्र स्पेनने ६-१ असा धुव्वा उडवला. १३ फेब्रुवारी २०१६ला हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला, पन्नाशीतच. रशियाविरुद्धच्या त्या गोलानंतर बल्गेरिया एकाही विश्वचषकासाठी पात्र ठरलेला नाही.