कुठून किती काढायचं

दुकानातून येणारं फ्लश डोअर चारही कोपऱ्यांत काटकोनी असतं. जुन्या घराची चौकट तशी क्वचितच राहते. भिंत बसते, चौकट कलते, जुन्या लादीवर नवी टाइल चढते आणि जमीन जवळजवळ इंचभर वर येते. दादरच्या आमच्या जुन्या इमारतीत आतल्या खोलीचं दार बदलायला काढलं, तेव्हा हे सगळंच समोर आलं. मिस्त्री मूळचे सिंधुदुर्गातले. त्यांचं काम मी शेजारी बसून पाहिलं.

नव्या दाराला त्यांनी बराच वेळ हातही लावला नाही. आधी चौकटीची रुंदी तीन ठिकाणी मोजली, तीही एका खाचेपासून समोरच्या खाचेपर्यंत. नुसत्या मोकळ्या जागेचं माप घेऊन दार आणलं, तर ते खाचेपर्यंत पोचतच नाही. वर ३५ इंच ६ सूत भरलं, मध्ये ३५ इंच ४ सूत, खाली ३५ इंच २ सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन्ही कर्णही जुळेनात. मग ओळंबा सोडला. बिजागरीकडची बाजू सरळ होती. कडीकडची बाजू खाली अर्धा इंच आत आली होती.

दार ३६ इंची. दोन्ही बाजूंना एकेक सूत फट हवी, म्हणजे वर ४ सूत काढायचं आणि खाली पूर्ण इंच. खरं कसब इथेच लागतं. फ्लश डोअरच्या कडेला भरीव लाकडाची अरुंद पट्टी असते आणि बिजागरीचे स्क्रू, कुलूप यांचा सगळा भार तिच्यावर असतो. सगळं एकाच बाजूने कापलं तर ती पट्टी फार पातळ होते आणि स्क्रू काही महिन्यांत ढिले पडतात. म्हणून मिस्त्रींनी बिजागरीकडून वरपासून खालपर्यंत सारखं २ सूत काढलं आणि कडीकडून वर २, खाली ६ अशी तिरपी रेघ मारली.

"ताई, कमी काढलं तर परत काढता येतं. जास्त गेलं की पट्टी डकवत बसा," ते म्हणाले.

रेघेच्या थोडं बाहेरून करवत चालली. उरलेलं काम रंध्याचं. कडीकडची कड त्यांनी किंचित उतरती केली. दाराचं जे अंग चौकटीत आधी शिरतं, तिकडून थोडं जास्त काढलं. दार बिजागरीवर फिरताना तोच कोपरा चौकटीला घासतो. मग चौकटीच्या आतल्या कडेला खडू फिरवला, दार पाचरींवर उभं करून हळूच लावलं आणि उघडलं. दाराच्या कडेवर खालून वीतभर उंचीवर पांढरा ओरखडा उमटला होता. रंधा फक्त तेवढ्यावरच फिरला. पुन्हा खडू, पुन्हा रंधा, दाराला ओरखडा उठेनासा होईपर्यंत.

खालची कड कापताना त्यांनी दार उघडून जिथपर्यंत जातं, तिथपर्यंतची जमीन तपासली. चौकटीखाली जागा असली तरी खोलीत टाइल उंच असेल तर दार अर्ध्यात अडकतं.

पावसाचाही हिशेब असतो. लाकूड दमट हवेत लांबीत नाही, रुंदीत फुगतं. उन्हाळ्यात बसवलेल्या दाराला म्हणून फट थोडी जास्त ठेवतात. कापलेल्या कडा उघड्या राहिल्या तर ओल तिथूनच शिरते. वरची आणि खालची कड कुणाला दिसत नाही, त्यामुळे ती बहुतेक घरांत कोरडीच राहते. मिस्त्रींनी दार टांगण्याआधी ते आडवं ठेवून या दोन्ही कडांना प्रायमर लावला.

दार बसवण्याचा दर ठरवताना आपण कापण्याचे आणि ठोकण्याचे पैसे मोजतो. पण दार वर्षानुवर्षं न कुरकुरता फिरतं, ते करवत उचलण्याआधी घेतलेल्या मापांमुळे. घरी सुतार आला आणि टेप, ओळंबा घेऊन बराच वेळ नुसता चौकटीकडे पाहत राहिला, तर त्याला घाई करू नये. कामाला तेव्हाच सुरुवात झालेली असते.