मासा फिका पडला म्हणून लोहाचं टॉनिक देऊ नका



नवापूरकडचा उकाई धरणाचा फुगवटा असो, धडगाव-अक्कलकुव्याचा नर्मदाकाठ असो की गावातलं शेततळं, थंडी पडली की एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, रोहूच्या अंगावर लाल चट्टे आलेत, कल्ले पांढुरके झालेत. रक्त कमी झालं असेल, तर खाद्यात लोहाचं टॉनिक घालू का?" उत्तर आहे, घालू नका. का, ते समजून घ्या.

माशाच्या रक्ताचा लाल रंग लोहामुळे असतो. पाण्यातला प्राणवायू अंगभर पोचवण्याचं काम हेच लाल द्रव्य करतं. पण रोगजंतूंनाही वाढायला लोहच लागतं. लाल चट्टे आणणारे एरोमोनास जंतू तर माशाच्या अंगातलं लोह ओढून घेण्यासाठी स्वतःची खास द्रव्ये सोडतात.

या लोहाचा कारभार पाहणारे एक संप्रेरक आहे. त्याचे नाव हेप्सिडिन. ते मुख्यतः यकृतात तयार होते. माणसातही ते असते. 2002 साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी ते संकरित पट्टेदार बास माशाच्या कल्ल्यांतून वेगळे केले. त्या माशांना जंतूंची लागण होताच यकृतातील हेप्सिडिनची हालचाल हजारो पटींनी वाढलेली दिसली.

ते करतं काय? आतड्यातल्या आणि साठवणीच्या पेशींना लोह बाहेर सोडण्याचं एक दार असतं. हेप्सिडिन ते दार बंद करतं. अंगात लोह जास्त झालं किंवा जंतू शिरले की हेप्सिडिन वाढतं. लोह कमी पडलं की ते घटतं आणि दार उघडतं. गावात चोर शिरल्याची हाकाटी झाली की घरधनी कणगीचं तोंड लिंपून टाकतो, तसाच हा प्रकार. चोर उपाशी राहतो. काही माशांत हेप्सिडिनचे दोन प्रकार आढळतात. एक लोहाचा हिशेब ठेवतो, दुसरा जंतूंना थेट मारतो.

मात्र दार फार दिवस बंद राहिलं तर रक्त कमी बनतं आणि मासा फिका पडतो. म्हणजे लोह संपलेलं नसतं, कुलपात असतं. अशा वेळी टॉनिक दिलं तर ते रक्तात फारसं जात नाही. उलट आतड्यातल्या जंतूंच्या तोंडी लागण्याची भीती असते. पैसा जातो, मासाही जातो. सिकलसेलचा रोगी फिकट दिसतो म्हणून तपासल्याशिवाय त्याला लोहाच्या गोळ्या चालू करत नाहीत. इथेही तेच धोरण ठेवा.

मग काय करायचं?

1. खाद्य कमी करा. शेणखत घालणं थांबवा.
2. मेलेले मासे रोज काढून चुना टाकून खोल पुरा.
3. पाण्याचा सामू तपासा. तो 8 पेक्षा कमी असेल तर दर गुंठ्याला 1 ते 2 किलो चुना पाण्यात कालवून, थंड करून शिंपडा.
4. जाळं उन्हात कडक वाळवल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात टाकू नका.
5. चट्टे नसून नुसते कल्ले फिके असतील तर अंगावर उवा किंवा जळवा आहेत का पाहा. कल्ले तपकिरी दिसले तर दोष पाण्यात आहे असं समजा. पाणी बदला.
6. रोगट पण जिवंत मासा पाण्यासह मत्स्यव्यवसाय खात्याच्या कार्यालयात दाखवा. सडलेल्या माशावरून निदान होत नाही.

एरवी कोंडा, पेंड आणि तळ्यातल्या नैसर्गिक खाद्यातून माशाला लोह मिळतं. निरोगी तळ्यात वेगळ्या टॉनिकची सहसा गरज नसते.

लक्षात ठेवा, माशाने कणगी लिंपली आहे ती चोरासाठी. आपण आधी चोर हाकलायचा. कणगी मासा आपणहून उघडेल.