पंधराव्या जागेवरचे ग्लायसिन

मिथॅनोथर्मस या उष्णताप्रेमी आर्कियाच्या हिस्टोनांकडे, म्हणजे डीएनए गुंडाळणाऱ्या प्रथिनांकडे, या आठवड्यात वळायचे ठरले होते. पण आमगावच्या एका विद्यार्थिनीच्या पत्रामुळे लेखमालेने थोडी आडवाट धरली आहे. तिचा प्रश्न असा: उनकेश्वर, वज्रेश्वरी, राजापूर ही उन्हाळी सगळी लांब, मग उष्णताप्रेमी जिवाणू गोंदिया जिल्ह्यात शोधायचे तरी कुठे?

गोठ्यामागच्या शेणखताच्या ढिगात!

शेण, धानाचे तणस आणि पालापाचोळा यांचा ढीग नीट रचला, त्याला ओल आणि हवा मिळाली, की सूक्ष्मजीवांच्या श्वसनानेच तो तापू लागतो. त्याच्या पोटातले तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. अशा उबेत जिओबॅसिलस वंशातले जिवाणू जोमाने वाढतात. त्यांतला जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस तर फारच चिवट. इस्पितळातला ऑटोक्लेव्ह १२१ अंशांवर चोख काम करतो का, याची परीक्षा त्याच्याच बीजाणूंवर घेतली जाते. त्याचा नातलग बॅसिलस सबटिलिस मात्र ढिगाच्या बाहेरच्या, कोमट थरात रमतो.

जिवाणूंच्या डीएनएला चिकटणाऱ्या एचयू या छोट्या प्रथिनाच्या उष्णतेतल्या टिकावाचे मर्म या दोन नातलगांच्या तुलनेत सापडते. दोघांच्या एचयूची घडण एकच: जेमतेम ९० अमिनो आम्लांच्या दोन साखळ्या एकमेकींत गुंतून जोडी बनते आणि त्या जोडीचे दोन लवचीक बाहू डीएनएला कवेत घेऊन वाकवतात. ही घडण १९८४ साली इसाओ तानाका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांनी उलगडली, ती स्टिअरोथर्मोफिलसच्याच प्रथिनावरून.

मग एक प्रथिन उष्णतेत टिकते आणि दुसरे लवकर उलगडते, हे कशामुळे? जपानी संशोधकांनी १९९६ साली पंधराव्या जागेवर बोट ठेवले. तिथे साखळी एका सर्पिलातून दुसऱ्या सर्पिलात वळते. स्टिअरोथर्मोफिलसमध्ये या वळणावर ग्लायसिन आहे, सबटिलिसमध्ये ग्लुटामिक आम्ल. ग्लायसिनची बाजूची शाखा म्हणजे केवळ एक हायड्रोजन अणू, त्यामुळे साखळीला अवघड वळणही ताण न येता घेता येते. या ग्लायसिनच्या जागी ग्लुटामिक आम्ल बसवले, तेव्हा प्रथिनाचा टिकाऊपणा घटला. पुढे सबटिलिसच्या एचयूमध्ये उलटा बदल करून पाहिला, तर ते अधिक उष्णता सोसू लागले. स्टिअरोथर्मोफिलसच्या एचयूत चौतिसावे ग्लुटामिक आम्ल आणि अडतिसावे लायसिन यांच्यातले विद्युतभारांचे आकर्षणही मदतीला असते. एवढ्या मोजक्या बदलांवर उत्क्रांतीने काम भागवले, मूळ साचा मोडला नाही, हे या कथेतले सर्वांत विलक्षण.

पत्रात आणखी एक शंका होती: एचयू हा आपल्या पेशींतल्या हिस्टोनांचा पूर्वज का? नाही. १९७५ साली जोझेत रुव्हिएर-यानिव आणि फ्रांस्वा ग्रो यांनी ई. कोलाय जिवाणूत हे प्रथिन शोधले. लहान आकार, धनभारित अमिनो आम्लांची रेलचेल आणि डीएनएशी सलगी, एवढ्यापुरतेच ते हिस्टोनांसारखे; घडी पूर्णपणे वेगळी. काम सारखे, कुळे निराळी.

खरी हिस्टोन-घडीही जिवाणूंत अगदीच परकी नाही. सुमारे ९५ अंशांपर्यंत वाढणाऱ्या ॲक्विफेक्स एओलिकसच्या एक्यू-३२८ या प्रथिनात ती २००६ साली आढळली. ती तिथे कुठून आली असावी, याचा विचार मिथॅनोथर्मसला सोबत घेऊनच करावा लागेल. तो पुढच्या आठवड्यात.