खैराच्या गाभ्यातला कात

खैराचे खोड आडवे कापले की बाहेर फिकट पिवळसर रसकाष्ठ आणि आत गर्द तांबूस गाभा दिसतो. कात निघतो तो या गाभ्यातून. रसकाष्ठात जिवंत पेशी असतात आणि त्यांत पिष्ट साठलेले असते. खोड जाड होत जाते तशा आतल्या पेशी मरतात, पण त्याआधी साठलेल्या अन्नापासून फिनॉल वर्गातली संयुगे तयार करतात. ती लाकडात मुरतात. बुरशीला आणि वाळवीला ती सोसत नाहीत, म्हणून खैराचे मुसळ किंवा औताचा दांडा वर्षानुवर्षे टिकतो.

यांतले मुख्य संयुग कॅटेचिन. त्याच्या रेणूत कार्बनचे १५, हायड्रोजनचे १४ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात. रुंगे या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८२१ मध्ये ते कातातून वेगळे केले. शुद्ध कॅटेचिन रंगहीन असते. जुन्या खोडाच्या भेगांत कधी कधी त्याचा पांढुरका थर आपोआप साचलेला सापडतो, तो खैरसाल. कॅटेचिनचे अनेक रेणू जोडले गेले की टॅनिन बनते. ते लाळेतल्या प्रथिनांना बांधून टाकते आणि जीभ आखडते.

कॅटेचिन उकळत्या पाण्यात सहज विरघळते, गार पाण्यात फारच थोडे. टॅनिन मात्र गार पाण्यातही विरघळलेलेच राहते. कात पाडण्याचा सारा उद्योग या एका फरकावर उभा आहे, आणि कोकणातल्या कातकऱ्यांनी तो हाताच्या अनुभवाने नेमका हेरला होता. साल आणि रसकाष्ठ तासून टाकायचे, गाभ्याचे ढलपे करून उकळायचे, काढा गाळून आटवायचा आणि काही दिवस निवत ठेवायचा. तळाशी दाणेदार साका बसतो. तो दाबून, वड्या कापून सावलीत वाळवला की खायचा कात झाला. भांडे लोखंडाचे चालत नाही, कारण लोहाशी संयोग होऊन रस काळा पडतो.

विडा रंगतो तो चुन्यामुळे. चुन्याच्या अल्कतेत कॅटेचिन हवेतला ऑक्सिजन झपाट्याने घेते, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि लाल रंग येतो. नुसता कात चघळून तो येत नाही.

साका काढल्यावर उरलेला टॅनिनयुक्त रस आटवून कच करतात. मासेमारीची सुती जाळी आणि शिडे कुजू नयेत म्हणून ती त्यात बुडवत. तपकिरी आणि खाकी रंगाईसाठीही तो वापरात होता. तेलविहिरी खोदताना लागणारा चिखल पातळ राखायलाही तो उपयोगी पडतो.