गणेशपुरीचे नित्यानंद बाबा

मीरा-भाईंदरकरांनो, काशीमिऱ्याहून महामार्ग धरला, शिरसाड फाट्याला उजवीकडे वळलं की वज्रेश्वरीच्या पुढे गणेशपुरी. बहुतेक जण गरम पाण्याच्या कुंडांत डुबकी मारून परततात. पण ज्यांच्यामुळे हे आडगाव देशोदेशी पोहोचलं, त्या भगवान नित्यानंदांबद्दल थोडं सांगतो.

बाबा मूळचे केरळचे. तिथल्या कान्हनगडला त्यांच्या काळातल्या दगडी गुहा आजही आहेत. पुढे ते तानसा नदीकाठच्या या जंगलपट्टीत आले आणि भीमेश्वर मंदिराशेजारी राहू लागले. अंगावर फक्त लंगोटी. ना प्रवचन, ना पंथ, ना वारसदाराची घोषणा! स्वतः त्यांनी पुस्तक लिहिलं नाही. मंगळूरच्या तुळसीअम्मांनी त्यांचे बोल कन्नडमध्ये टिपून ठेवले, तीच 'चिदाकाश गीता'. सांगणं एवढंच, की देव बाहेर धुंडाळू नका, मन शुद्ध ठेवा, भावना शुद्ध ठेवा. गावातल्या आदिवासी मुलांना जेवू घालणं मात्र नेमानं चाले. मला त्यांच्या चमत्कारकथांपेक्षा हे बालभोजन जास्त मोलाचं वाटतं.

स्वामी मुक्तानंद हे त्यांचेच शिष्य. बाबांनी ८ ऑगस्ट १९६१ रोजी देह ठेवला.

गुरुपौर्णिमेला तुफान गर्दी असते. निवांत दर्शन हवं तर मधल्या वारी जा.